पहिल्या तीन गाण्यांची तयारी

म्युझिक फेस्टिव्हलचे फोटो काढायचा पास मंजूर झाल्याचा मेल आला तेव्हा मी तो पूर्ण वाचलाच नाही, वरची एक ओळ वाचली आणि फोन हातात घेऊन घरभर फिरत राहिले. दोन-अडीच महिन्यांपूर्वी अर्ज केला होता, सोबत वीस फोटो पाठवले होते, सगळे छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमांचे, आणि फोटो कुठे छापले जाणार तेही लिहून दिलं होतं. इतक्या मोठ्या म्युझिक फेस्टिव्हलला, तीन दिवस, चार स्टेज, आपल्याला कोण घेणार असं वाटत होतं. रात्री शांतपणे मेल परत उघडला तेव्हा खालच्या चार ओळी दिसल्या आणि खरं काम काय आहे ते तिथे कळलं. प्रेस पास म्हणजे फक्त आवारात यायची परवानगी. पिटमध्ये, म्हणजे स्टेज आणि प्रेक्षकांचा कठडा यांच्या मधली जी अरुंद पट्टी असते तिच्यात जायला वेगळा रिस्टबँड. रात्री शेवटी येणाऱ्या मोठ्या कलाकारांसाठी त्यांच्या मॅनेजमेंटची वेगळी मंजुरी, ती आदल्या दिवसापर्यंत येईल किंवा येणार नाही. आणि सगळीकडे एकच नियम, फोटो फक्त पहिल्या तीन गाण्यांत, मग पिटमधून बाहेर, आणि फ्लॅश नाही.

तीन गाण्यांचा नियम ऐकून माहीत होता, जगभर बहुतेक मोठ्या कार्यक्रमांना हाच असतो, पण तो आपल्या अंगावर आला की वेगळा वाटतो. मी कागदावर मांडून बघितलं. एक गाणं साडेतीन-चार मिनिटांचं धरलं तर तीन गाणी म्हणजे दहा ते बारा मिनिटं. त्यातलं पहिलं गाणं बहुतेक वेळा धूर आणि अंधारात जातं. म्हणजे एका कलाकाराचे चांगले फोटो काढायला हातात सात-आठ मिनिटं, त्यात आजूबाजूला अजून पंधरा-वीस फोटोग्राफर, त्या मिनिटांत सेटिंग बदलत बसायला वेळच नाही. छोट्या हॉलमध्ये मी दीड तास आरामात फिरत फिरत फोटो काढायचे, एखादं गाणं चुकलं तर पुढचं आहेच. ती सवय इथे उपयोगाची नव्हती.

मी ज्या दादांकडे फोटोग्राफी शिकले, ते बरीच वर्षं कॉन्सर्ट करतायत, त्यांना फोन केला आणि विचारलं, दादा, दुसरी बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) भाड्याने घेऊ का, कुठली लेन्स घेऊ, टेलिकन्व्हर्टर (लेन्सला जोडून लांबचं अजून जवळ आणणारा तुकडा) लागेल का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेन्सचं आपण उद्या बघू. तू आधी गाणी ऐक. कोण कोण येणारे त्यांची यादी काढ आणि रोज ऐक." मला तेव्हा ते पटलं नाही, खरं सांगते. गाणी ऐकून फोटो कसे चांगले येतील असंच डोक्यात होतं. पण ऐकायला सुरुवात केली, आणि आता मागे वळून बघताना वाटतं की सहा आठवड्यांत मी जे काही केलं त्यात हेच एक काम सगळ्यात जास्त कामी आलं.

तरी आधी गिअरचं सांगते, कारण त्यातही बरंच शिकले.

माझ्याकडे एक फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरची, आत आरसा नसलेली) बॉडी आणि २४-७० एफ २.८ लेन्स होती; पहिला आकडा फोकल लेंग्थचा, तो मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, आणि एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. ७०-२०० एफ २.८ आणि दुसरी बॉडी भाड्याने घ्यायची ठरवली, आणि दुसरी बॉडी मुद्दाम त्याच कंपनीची, त्याच पिढीची घेतली, म्हणजे बटणं जिथल्या तिथे. दोन बॉडी कशाला, लेन्स बदलता येतेच की, असं मलाही वाटायचं. पण मोकळ्या मैदानावर हजारो लोक नाचत असताना जी धूळ उडते त्यात लेन्स काढली की सेन्सरवर ठिपके आलेच, आणि बदलण्यात जे वीस-पंचवीस सेकंद जातात ते बारा मिनिटांतले असतात. दोन खांद्यांवर दोन कॅमेरे, एकावर जवळची, एकावर लांबची, बस. भाड्याचं सामान कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी न घेता आठवडाभर आधी घेतलं हे फार बरं झालं, कारण लेन्सचं हूड सैल होतं, थोडा धक्का लागला की फिरून कोपऱ्यात काळी सावली यायची. घरी दोन दिवस वापरल्यावर ते लक्षात आलं, काळ्या गॅफर टेपचे दोन तुकडे लावून घट्ट केलं. पिटमध्ये लक्षात आलं असतं तर अख्ख्या सेटचे कोपरे काळे आले असते.

तीच टेप ऑटोफोकसच्या लाल दिव्यावर आणि मागच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरही लावली. दिवा मेनूमधून बंद करता येतो, केलाही होता, पण सेटिंग चुकून रीसेट झालं तर अंधारात गायकाच्या डोळ्यात लाल उजेड जायला नको, म्हणून टेप.

लेन्सचा दुसरा प्रश्न अंतराचा होता. मेलमध्ये लिहिलं होतं की शेवटच्या कलाकाराचे फोटो पिटमधून काढता आले नाहीत तर साउंड डेस्कपासून काढावे लागतील. साउंड डेस्क स्टेजसमोर बराच मागे असतो, मोठ्या मैदानात चाळीस मीटर तरी धरायचं. मग हिशोब केला, तो सोपा आहे, सेन्सरची उंची भागिले फोकल लेंग्थ गुणिले अंतर. आडवा कॅमेरा धरला तर फुल फ्रेम सेन्सर २४ मिलिमीटर उंच, २०० च्या लेन्सने ४० मीटरवरून फ्रेममध्ये ४.८ मीटर उंचीचं दृश्य बसणार, म्हणजे माणूस फ्रेमच्या एक तृतीयांशाच्या आसपास. ४०० ने २.४ मीटर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत माणूस नीट भरतो. १.४ चा टेलिकन्व्हर्टर लावला तर २०० ची २८० होते पण एफ २.८ ची एफ ४ होते, एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड गेला. मोठ्या स्टेजवर उजेड भरपूर असतो हे दादांनी सांगितलं होतं, म्हणून कन्व्हर्टर घेतला आणि ४०० ची जड लेन्स घेतली नाही. हा निर्णय कागदावर घेतला आणि परत त्यावर विचार केला नाही, कारण असे अर्धवट सोडलेले निर्णयच ऐन वेळी डोक्यात घुमत राहतात.

मग सराव. एका छोट्या हॉलमध्ये ओळखीतल्या लोकांचा कार्यक्रम होता, तिथे दोन बॉडी घेऊन गेले आणि स्वतःवर अट घातली, तीन गाणी झाली की कॅमेरे बॅगेत. घरी येऊन साडेचारशे फोटो लॅपटॉपवर उघडले आणि पोटात गोळा आला. निम्म्याहून जास्त फोटोंवर आडवे पट्टे होते, एक उजळ एक काळपट, गायिकेच्या चेहऱ्यावरून, भिंतीवरून, सगळीकडून. काढताना मागच्या छोट्या स्क्रीनवर ते जाणवलेच नव्हते.

कारण समजायला दोन रात्री गेल्या. स्टेजवरचे एलईडी दिवे मंद करायचे असतात तेव्हा ते खरं तर मंद होत नाहीत, ते अतिशय वेगाने चालू-बंद होत राहतात आणि डोळ्याला सरासरी मंद दिसते. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र सगळा एकदम वाचला जात नाही, वरपासून खालपर्यंत ओळ-ओळ वाचला जातो. दिवा बंद असताना ज्या ओळी वाचल्या त्या काळ्या, चालू असताना वाचल्या त्या उजळ. आणि मी आवाज होऊ नये म्हणून सायलेंट मोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतं, त्यात सेन्सर वाचायला मेकॅनिकल शटरपेक्षा बराच जास्त वेळ लागतो म्हणून पट्टे जास्त. कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर साधारणपणे विजेच्या पुरवठ्याबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्यांसाठी असतं, सेकंदाला १०० किंवा १२० वेळा, या एलईडींचा वेग त्याच्या कितीतरी पुढे असतो त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

तेव्हापासून मेकॅनिकल शटर, आणि शटर स्पीड सेकंदाच्या १/२५० च्या वर शक्यतो जायचं नाही. त्याच्या वर गेलं की मेकॅनिकल शटरसुद्धा एका सरकत्या फटीतून उजेड आत घेतं, मग पट्ट्यांची शक्यता वाढते. मागे मोठी एलईडी स्क्रीन असेल तर अजून खाली, १/१६० किंवा १/१२५, नाहीतर स्क्रीनवर काळे पट्टे येतात. उडी मारणारा गिटारिस्ट १/१२५ ला थोडा हलणार, पण उडीच्या सगळ्यात वरच्या टोकाला माणूस क्षणभर थांबल्यासारखाच असतो, तो क्षण पकडायचा. आणि तो क्षण पकडायला गाणं माहीत असावं लागतं. दादांचं म्हणणं मला इथे पहिल्यांदा कळलं.

दुसरी गोष्ट रंगाची. त्याच कार्यक्रमात एक पूर्ण निळ्या प्रकाशातलं गाणं होतं, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं किती, उजळ किती हे दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, छान मधोमध दिसत होता, आणि घरी बघते तर चेहरा म्हणजे निळा सपाट डाग, नाक-गाल काही वेगळं दिसेना. हिस्टोग्राम बघताना मी पांढरा, म्हणजे एकूण उजेडाचा बघत होते. एकूण उजेड काढायचं जे नेहमीचं सूत्र आहे त्यात हिरव्याला ५९ टक्के वजन, लालला ३० आणि निळ्याला फक्त ११. म्हणजे निळा चॅनल पूर्ण उडाला, जास्त उजेडाने त्यातला तपशील गेला, तरी त्या आलेखात पत्ता लागत नाही. आता तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावला, आणि निळ्या किंवा लाल गाण्यात एक्सपोजर एक स्टॉपभर कमी ठेवायचं हे वहीत लिहून टाकलं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, सावली वर काढता येते, उडालेला रंग परत आणता येत नाही. एक्सपोजर पूर्ण मॅन्युअल, मीटरिंग (उजेड मोजणं) स्पॉट, म्हणजे एका छोट्या ठिपक्यापुरतं, आणि ते चेहऱ्यावर, कारण मागे काळोख असला की कॅमेरा सगळी फ्रेम उजळ करायला जातो आणि चेहरा पांढराफटक होतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची रंगछटा ठरवणारं सेटिंग, ऑटोवरून काढून ४००० केल्विनला ठेवला, नाहीतर दर दोन सेकंदांनी बदलणाऱ्या दिव्यांबरोबर दर फोटोची रंगछटा वेगळी येते आणि रात्री एडिट करताना डोळे थकून जातात.

अंधारातला सराव मात्र घरीच केला. खोलीत पूर्ण अंधार करून, डोळे मिटून, कार्ड काढायचं, बसवायचं, बॅटरी बदलायची, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) दोन क्लिक वर, एक क्लिक खाली, फोकस पॉइंट मधोमध आणायचा. पहिल्या दिवशी कार्ड उलटं घालत होते. आठवड्याने हात आपोआप जायला लागला. सहा बॅटऱ्यांना पांढऱ्या टेपवर आकडे लिहून चिकटवले, भरलेल्या डाव्या खिशात, वापरलेल्या उजव्या खिशात. कार्डांचंही तसंच. दोन्ही बॉडींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवली, कारण रात्री दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र करून वेळेनुसार लावले की कुठला फोटो कुठल्या कलाकाराचा, कुठल्या गाण्यातला हे आपोआप लागतं, आणि घड्याळात पाच मिनिटांचा फरक असला तर सगळा गोंधळ. कॅप्शनचे साचेही आधीच करून ठेवले, तारीख, फेस्टिव्हल, स्टेज, कलाकाराचं नाव नीट स्पेलिंग तपासून, कॉपीराइटमध्ये माझं नाव, म्हणजे रात्री फक्त साचा निवडायचा. फोटो कितीही चांगला असला आणि नावात चूक असली तर तो कोणी वापरत नाही.

करारांबद्दल थोडं. एका कलाकाराच्या मॅनेजमेंटकडून मंजुरी आली तिच्यासोबत दोन पानी करार होता. त्यात लिहिलेलं की फोटो फक्त त्या एका ठिकाणी, एकदाच वापरता येतील, आणि कलाकार मात्र ते फोटो हवे तिथे, हवे तितक्या वेळा, पैसे न देता वापरू शकेल. मी पहिल्यांदा वाचून सही करणारच होते, इतकी संधी मिळतीये म्हणून. दादा म्हणाले, "सही करायच्या आधी एकदा विचार, हे कलम बदलाल का म्हणून. विचारल्याने काही पास रद्द होत नाही." मग मी जुन्या बातम्या वाचल्या. २०१५ मध्ये अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या दौऱ्याच्या करारावर फोटोग्राफरांनी उघडपणे आक्षेप घेतला आणि त्यानंतर तो करार बदलला गेला. त्याच वर्षी वॉशिंग्टन सिटी पेपर या साप्ताहिकाने फू फायटर्स या रॉक बँडच्या कार्यक्रमाच्या करारावर सही करायला नकार दिला आणि आम्ही प्रेक्षकांनी काढलेले फोटो विकत घेऊ असं जाहीर केलं. हे वाचून धीर आला. मी नम्रपणे लिहिलं की पोर्टफोलिओत वापरायची परवानगी आणि त्यांनी वापरताना माझं नाव, एवढं तरी घाला. दोन दिवसांनी बदललेला करार आला, दोन्ही गोष्टी घातलेल्या. न विचारता सही केली असती तर ते फोटो मला कोणाला दाखवताही आले नसते.

कानांचं मी जवळजवळ विसरले होते. पिट स्पीकरच्या तोंडाशी असतो. अमेरिकेतल्या निऑश या कामगार आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. एका सेटची बारा मिनिटं धरली तर एका कलाकारातच दिवसाचा कोटा संपत आला, आणि मला दिवसाला आठ-नऊ सेट करायचे होते. फोमचे साधे इअरप्लग आवाज कमी करतात पण सगळं गादीखालून ऐकल्यासारखं होतं, मला तर गाणं स्पष्ट ऐकू यायला हवं होतं, म्हणून संगीतकार वापरतात ते फिल्टरवाले घेतले. घरी ते घालून गाणी ऐकायची सवय केली. जो कोणी पहिल्यांदा जातोय त्याला मी लेन्सच्याही आधी हे घे म्हणून सांगेन. लेन्स भाड्याने मिळते.

आता गाण्यांकडे येते.

यादीत सव्वीस कलाकार होते, त्यातले पाच माझ्या माहितीचे. मी प्रत्येकाची अलीकडच्या कार्यक्रमांची प्रेक्षकांनी मोबाइलवर काढलेली रेकॉर्डिंग्ज शोधली, कारण एका दौऱ्यात दिवे, स्क्रीन, कोण कुठे उभा राहतो हे साधारण तेच असतं. वही घेऊन बसायचे आणि लिहायचे. गायिका माईक उजव्या हातात धरते, म्हणजे समोरून बघताना आपल्या डाव्या बाजूने तिचा हात आणि माईक चेहऱ्यावर येतो, उजव्या बाजूला उभं राहिलं तर चेहरा मोकळा मिळतो. ड्रमर उंच चौथऱ्यावर आहे, पिटमधून फक्त झांजा दिसणार, त्याच्यासाठी पिटच्या टोकाला जाऊन तिरकं बघावं लागेल. स्टेज उंच असल्याने अगदी पुढे चिकटलं तर हनुवटी आणि नाकपुड्याच येतात, मागच्या कठड्याला पाठ लावून लांबची लेन्स वापरायची. बासवाला दुसऱ्या गाण्यात कायम डावीकडे गिटारिस्टजवळ जातो.

शेवटच्या रात्रीच्या बँडचं एक गाणं मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. १ मिनिट ४८ सेकंदांना सगळे दिवे बंद होतात, पूर्ण काळोख, ड्रमचे दोन ठोके, आणि तिसऱ्या ठोक्याला मागून एकदम पांढरा उजेड येतो तेव्हा गायिका डोकं मागे टाकून दोन्ही हात पसरते. तीन वेगवेगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तिन्ही वेळा तसंच. मी हेडफोन लावून स्वयंपाकघरात उभी राहून ते दोन ठोके मोजायचे आणि तिसऱ्याला बोट दाबायचे. काळोखात ऑटोफोकस भरकटतो, म्हणून आधी तिच्यावर फोकस करून तो लॉक करायचा, एक्सपोजर आधीच मागच्या पांढऱ्या उजेडासाठी खाली आणून ठेवायचं, आणि वाट बघायची.

१९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पॉप फेस्टिव्हलला गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली तो फोटो एड कॅराफ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने काढला, स्टेजला लागून एका खुर्चीवर उभं राहून. त्याने हेंड्रिक्सला त्याआधी कधी बघितलंही नव्हतं. हे वाचल्यावर मला वाटलं होतं की मग तयारीचं काय एवढं, नशीबच लागतं. पण तो त्या जागी होता, खुर्चीवर उभा होता, कॅमेऱ्यात फिल्म शिल्लक होती. निदान एवढं तर आपल्याला ठरवून करता येतं.

आदल्या दिवशी दुपारी आवार उघडलं तेव्हा मी नकाशा घेऊन चालत सुटले. मुख्य स्टेजपासून सगळ्यात लांबच्या स्टेजला रिकाम्या मैदानात अकरा मिनिटं लागली, म्हणजे गर्दीत पंचवीस धरायची, आणि पिटच्या दाराशी पंधरा मिनिटं आधी पोचायचं. त्या हिशोबाने वेळापत्रकातले चार कलाकार सरळ कापावे लागले. दोन मला खूप आवडणारे होते, वाईट वाटलं. मुख्य स्टेजचं तोंड पश्चिमेला होतं, म्हणजे संध्याकाळी मावळतीचा उजेड सरळ कलाकारांच्या चेहऱ्यावर. दुसऱ्या स्टेजचं तोंड उलटं, तिथे त्याच वेळी सूर्य स्टेजच्या मागे, सगळे काळ्या आकृती होणार. म्हणून साडेपाच-सहाची वेळ मुख्य स्टेजसाठी राखून ठेवली.

पिटवर नेमलेल्या सुरक्षा प्रमुखाने आम्हा सगळ्यांना एकत्र बोलावून दहा मिनिटं समजावून सांगितलं. आगीचे झोत कुठून निघतात, कुठल्या रेषेच्या पुढे जायचं नाही, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून कोणी वाहत आला तर त्याला उतरवून घेणं हे त्यांच्या माणसांचं पहिलं काम, तेव्हा फोटोग्राफरने भिंतीला चिकटून वाट मोकळी करायची. पाठीवर बॅग नको. लेझर थेट लेन्समध्ये येऊ देऊ नका. हे शेवटचं मला माहीत होतं पण किती गंभीर आहे ते माहीत नव्हतं. लेझर सेन्सरवर कायमची जळकी रेघ पाडू शकतो, आणि मिररलेसमध्ये चालू कॅमेऱ्याचा सेन्सर सतत उघडा असतो, जुन्या कॅमेऱ्यात निदान आरसा मध्ये असायचा. मी ते ऐकून शेवटच्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये लेझर कधी येतात ते परत बघितलं. पाचव्या गाण्यात. तोपर्यंत आम्ही बाहेर असणार होतो.

पहिले दोन दिवस कसे गेले ते फार सांगत नाही, चुकलं बरंच, पण रोज रात्री चुकलेलं वहीत लिहून दुसऱ्या दिवशी ते टाळता आलं. पट्टे एकाही फोटोवर नव्हते. मोठ्या स्टेजवर उजेड खरंच जास्त, छोट्या हॉलमध्ये ज्या आयएसओ ८००० ला मी काम करायचे तिथे इथे १६०० ते ३२०० मध्ये भागत होतं.

तिसऱ्या रात्री पिटची मंजुरी आली होती. आत गेलो, मी उजव्या बाजूला जागा धरली, माईकच्या हातापासून लांब. दिवे गेले, लोक ओरडायला लागले, आणि पहिलाच सूर वाजला तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं, कारण ते गाणं पहिलं नव्हतंच. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये जे तिसरं होतं, ते १:४८ वालं गाणं त्यांनी सुरुवातीलाच घेतलं होतं. माझ्या शेजारचे एक काका मागच्या दौऱ्याची गाण्यांची यादी छापून घेऊन आले होते, ते खाली कागदाकडे बघायला लागले. मी बघितलं नाही. क्रम बदलला होता, गाणं तेच होतं, आणि ते माझ्या बोटात होतं. पहिला मिनिट धूर, हिरवा उजेड, चारपाच फोटो काढले आणि थांबले. दीड मिनिटाच्या पुढे गेल्यावर तिच्यावर फोकस लॉक केला, एक्सपोजर खाली आणलं. काळोख झाला. एक. दोन.

पांढरा उजेड आला तेव्हा बोट आधीच दाबलेलं होतं. सहा फ्रेम मिळाल्या, तिसऱ्या फ्रेममध्ये हात पूर्ण पसरलेले, केसांची कडा उजळलेली, आणि धुरात तिच्या बोटांच्या सावल्या आमच्या डोक्यांवरून मागे प्रेक्षकांपर्यंत गेलेल्या.

पुढची दोन गाणी नेहमीसारखी गेली. तिसऱ्याच्या शेवटी दादांनी सांगितलं होतं तसं मागे वळून प्रेक्षकांचे चार फोटो घेतले, मग सुरक्षावाल्यांनी हात केला आणि आम्ही एका ओळीत कठड्याच्या कडेने बाहेर पडलो. पंचेचाळीस मिनिटांत दहा फोटो पाठवायचे होते. प्रेसच्या तंबूत लॅपटॉप उघडला, कार्ड लावलं, कॉपी सुरू झाली, साचा निवडला, कॅप्शनमध्ये गाण्याचा क्रम तेवढा बदलला. बाहेर चौथं गाणं चालू होतं, वहीत ते पहिलं म्हणून लिहिलेलं होतं, आणि कॉपी पूर्ण होईपर्यंत मी इअरप्लग न काढता तंबूच्या दारात उभी राहून ते ऐकलं.